दोन वीत चार बोटं

गव्हाण फाट्याच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर बोलेरोची पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची चढली, उतरली, आणि माझ्या हिशोबाने स्पीडब्रेकर संपला. तेवढ्यात मागून खर्रकन आवाज आला. लाकूड डांबरावर घासल्याचा. आवाज फार मोठा नव्हता, शाळेत बाक सरकवला की येतो तेवढाच, पण मणक्याच्या शेवटच्या मण्यापासून निघून तो थेट दाढेत आला. रात्रभर तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करून सकाळी सातला सुटलो होतो, तिथून परस्पर गावी जाऊन होडी जोडून घेतली होती, त्यामुळे माझ्या अंगातला एकेक अवयव स्वतंत्रपणे झोपलेला होता. या आवाजाने फक्त दाढ जागी झाली. शेजारी बाबा बसले होते. सीटच्या कडेवर, दरवाजावरचा दांडा धरून, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. त्यांनी बाहेरच्या आरशात पाहिलं. आरशात मागची ट्रॉली दिसत होती आणि ट्रॉलीवर त्यांची होडी, पुढची नाळ आभाळाकडे करून, शेपूट रस्त्याला टेकवून, एखाद्या म्हाताऱ्याने घसा खाकरण्याआधी मान वर करावी तशी. बाबा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी याच पद्धतीने ठरतात.

होडी डांबरावरून चाललेली होती त्याला कारण पार्किंग. कळंबोलीत आमचा वन बीएचके आहे आणि त्याला खाली एक गाडी लावायची जागा मिळालेली आहे, पण गाडी मिळालेली नाही. चार वर्षं त्या पिवळ्या चौकोनात मी मोटरसायकल तिरकी लावतो, जागा वाया गेल्यासारखी वाटू नये म्हणून. इकडे उरणच्या खाडीकाठी आमच्या गावच्या किनाऱ्यावर भराव पडायला लागला, या महिनाअखेरपर्यंत काठावरच्या होड्या उचला अशी नोटीस चिकटली. लोकांनी उचलल्या, म्हणजे बऱ्याच जणांनी फोडल्या. एकीचं तर कोंबड्यांचं खुराडं झालेलं मी पाहिलंय, त्यावर नंबर अजून आहे. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाच महिने आमच्याकडेच आहेत. त्यांनी नोटिशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकदा फक्त गॅलरीतून खाली बघत म्हणाले, ती तुजी गारीची जागा रिकामीच हाय ना. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी कुमुदताई या निवृत्त गणित शिक्षिका. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी नियमावली काढली, चष्मा लावला आणि अर्धा तास होडी हे वाहन आहे की सामान यावर विचार केला. सामान ठेवायला बंदी, वाहनाला परवानगी. शेवटी त्यांनी निकाल दिला: चाकांवर असेल, आणि सांगितल्यावर दहा मिनिटांत जोडून बाहेर नेता येत असेल, तर वाहन. नाही तर सामान. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी मला तारीख घालून लिहून दिलं.

आणि मग बाबांनी त्यांचा हिशोब सांगितला, जेवताना, काटे बाजूला काढत. होडी आली तर मी हितं राहीन. नाय आली तर गावच्या घरात जाईन. इतकंच. धमकी नव्हती, रुसवा नव्हता. भरती आली तर निघू, नाही तर नाही, असं सांगावं तसं. गावच्या घरात आता कुणी नाही. आई गेल्याला चार वर्षं झाली, शेजारची दोन घरं कुलपात, संडास परसात, आणि बाबांच्या गुडघ्याला पायरी म्हणजे परीक्षा. प्राची, माझी बायको, रात्री भांडी आवरताना म्हणाली, "बाबा राहिले तर मला काही प्रॉब्लेम नाही. तुला नक्की हवंय ना?" मी तिला पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट सांगितल्या. ती ओली बशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुन्हा एकदा, जरा सावकाश, त्याच शिफ्ट सांगितल्या.

हवं म्हणजे काय, हे मला नीट सांगता येत नाही. बाबा त्रास देत असते तर सोपं होतं. मित्रांचे बाप टीव्ही मोठ्याने लावतात, सुनेच्या आमटीला नावं ठेवतात, वॉचमनशी भांडतात. त्यांच्याबद्दल चहा पिताना बोलता तरी येतं. माझे बाबा घरात वजनच टाकत नाहीत. चहा अर्धा कप घेतात. ताट स्वतः धुतात, इतकं की प्राची धुतलेलं ताट पुन्हा धुते. एकटे असले की पंखा लावत नाहीत. रात्रपाळी करून मी सकाळी हॉलमध्ये आडवा झालो की ते दुखऱ्या गुडघ्यासकट चवड्यांवर चालतात. आवाज न करण्याचाही एक आवाज असतो. खिट्टी सावकाश लागते, नळ थेंबाथेंबाने सुटतो, खोकला उशीत जातो, आणि डोळे मिटून मी त्या प्रत्येक न झालेल्या आवाजाची वाट बघत पडतो. पाच महिन्यांत मी दिवसाचा सलग दोन तास झोपलेलो नाही, आणि तक्रार करायला जागा नाही, कारण कुणी काही केलेलंच नाही. अशा वेळी, झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या गुळगुळीत भागात, मला कधीकधी गावचं घर दिसायचं. त्यात बाबा असायचे, अंगणात मोठ्याने खोकत, आणि मी इकडे झोपलेला असायचो. दोघंही मजेत. मग जाग आली की मी उगाच उठून त्यांना पूर्ण कप चहा करून द्यायचो. ते अर्धा परत करायचे.

दुसरा स्पीडब्रेकर आला. या वेळी मी आधीच गाडी इतकी हळू केली की मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुढची चाकं, मागची चाकं, आणि ठरल्या वेळी, खर्र. बाबांचा जबडा आवळलेला मला दिसला. होडीच्या तळाची फळी सागाची आहे, अमुक सालची, अमुक माणसाने बसवलेली, हे सगळं मला लहानपणापासून पाठ आहे; ती आता दर दोन किलोमीटरला चमचा-चमचा रस्त्याला वाहिली जात होती. शिवाय ट्रॉली डोलत होती. वेग तीसच्या वर गेला की ती मागून आधी डावीकडे विचारायची, मग उजवीकडे विचारायची, आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग दोन्हींना हो म्हणायचं. मला कारण माहीत होतं. बोलेरोच्या मागचा गोळा तीन इंच उंच होता.

ट्रॉली म्हणजे ओवे गावच्या निकेशची. निकेश फॅब्रिकेशन करतो, कळंबोलीच्या लोखंडबाजाराच्या मागे त्याची शेड आहे, आणि आजवर त्याने फक्त एकाच कारणासाठी ट्रॉल्या बनवल्यात: हळदीतला डीजे. त्यातली एक जुनी, स्पीकर उतरवलेली ट्रॉली त्याने आम्हाला दिली आणि होडी चढवायला गावी पोचवलीही. बोलेरो पिकअप माझ्या मेव्हण्याची, कुंदनची. राहिलं फक्त दोघांना जोडणं. त्यासाठी बोलेरोच्या मागे एक चौकोनी पाइप असतो, त्यात लोखंडी पट्टी जाते, पट्टीच्या टोकावर मुठीएवढा गोळा, आणि ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला त्या गोळ्यावर टोपीसारखी बसणारी वाटी. पट्टीला वाक द्यावा लागतो, वर किंवा खाली, म्हणजे ट्रॉली सपाट उभी असताना वाटी जितक्या उंचीवर आहे तितक्याच उंचीवर गोळा यायला हवा. निकेशने मला हे वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवून समजावलं. गोळा खाली राहिला तर मागचं नाक रस्त्यात, वर गेला तर शेपूट रस्त्यात. आणि मागच्या वजनातलं दहा टक्के तरी ओढणाऱ्याच्या अंगावर पडायला पायजे, तो म्हणाला, नाय पडला तर मागचा नाचतो. त्याने उदाहरणही दिलं. एका हळदीला वजन मागे गेलेली ट्रॉली नाचत नाचत नवऱ्यामुलाच्या आधी मांडवात शिरली होती, आणि डीजे चालू असल्यामुळे पाच मिनिटं कुणाला कळलंच नाही. तू फक्त वाटीची उंची बरोबर आण, निकेश म्हणाला. इंचात आण.

उंची बाबांकडून घ्यायची होती. ते आठवडाभर आधीच गावी गेले होते, होडी चढवून घ्यायला. मी शेडमधूनच फोन केला. पलीकडे वारा होता, कुणीतरी दोर ओढत होतं, आणि बाबा वाऱ्यावर ओरडून म्हणाले, दोन वीत चार बोटं. आमच्याकडे जाळ्याचा आस, म्हणजे भोक, बोटांनी मोजतात, पाणी हातांनी, तेव्हा यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढे झालं. मी कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्या टेबलावर जी टेप आहे तिच्यावर स्टिकर आहे, तीन महिन्यांनी ती तपासायला जाते, तपासणाऱ्या टेपलाही तपासणारी टेप कुठेतरी असते. दिवसाला मी दोनशे ड्रमच्या झाकणांची मापं घेतो आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसांना परत पाठवतो. तोच मी निकेशच्या शेडमध्ये उकिडवा बसलो, लोखंडी टेबलाच्या पायाला हात लावला, माझी वीत टाकली, तिच्या वर माझी दुसरी वीत टाकली, वर माझी चार बोटं ठेवली आणि म्हटलं, इथे. निकेशने तिथे टेप लावली. एकवीस इंच. त्याने पट्टीला दीड इंच वर वाक दिला, वेल्डिंग केलं, आणि रंग लावून वाळत ठेवली.

माझी वीत नऊ इंचांची आहे. बाबांची साडेसात. चाळीस वर्षं ओला दोर ओढून त्यांची बोटं आत वळलीत, सरळ होतच नाहीत. कुणाला हात दाखवला तरी काहीतरी लपवल्यासारखा दिसतो. हे मला माहीत होतं. जगात बाबांच्या हाताबद्दल इतकं माहीत असलेला दुसरा माणूस नाही. पाचवीत असताना त्या हाताचं चित्र काढलं होतं, तेव्हा बाईंनी बोटं नीट काढ म्हणून परत दिलं होतं. आणि टेप त्या वेळी माझ्या पँटच्या उजव्या खिशात होती. मांडीला टोचत होती. उकिडवं बसताना मी ती सरकवून बसलो होतो.

पुढच्या थांब्याशी बाबा म्हणाले, थांब. थांब्यावर आमच्या गावच्या कोळणी होत्या, सहा जणी, पुढ्यात पाट्या, आणि त्यांचा नेहमीचा टेम्पो बाजूला बॉनेट उघडून उभा होता. सोनाबाई सगळ्यांत पुढे. तिने होडीकडे पाहिलं, होडीच्या वर झालेल्या नाळेकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"दादूभाऊ, होरी चालवायलाच घेतलीस का रं डांबरावर? आनी ही अशी नाक वर करून का चाललीय? सासरी चाललीय का?"

बाबा उतरले, गुडघा धरून मागे गेले आणि रस्त्यावर बसून तळ बघू लागले. मी गेलो नाही. काचेतून त्यांचं टाळकं दिसत होतं, ते तेवढ्याच जागी बराच वेळ राहिलं. तेवढ्यात भामाने, सोनाबाईच्या जावेने, विचारलंही नाही. तिने बोलेरोच्या मागच्या हौद्यात पाटी टाकली आणि स्वतः चढली. पनवेलच्या बाजारात सोड, म्हणाली, बरफ वितळतोय. मग दुसरी चढली. तिसरी चढली तेव्हा मला सीटमध्ये कळलं. गाडीचा मागचा भाग खाली बसत होता आणि पुढची काच आभाळाकडे उचलली जात होती. मी उतरून मागे गेलो. चौथी. गोळा खाली येत होता, वाटी खाली येत होती, आणि होडीची नाळ, जशी पोटभर उपदेश ऐकलेली मुलगी मान खाली घालते तशी, खाली खाली येत होती. पाचवी जरा किरकोळ होती. सोनाबाई अजून खालीच, कमरेवर हात ठेवून.

"तुमी पन बसा, मावशी," मी म्हटलं. "अजून एक इंच पायजे."

"इंच?" सोनाबाई म्हणाली. "आमाला गारीत घेतोस का काट्यावर चरवतोस? बाईला वय इचारावं पोरा, वजन इचारू नये." आणि ती चढली, बांगड्या, बोंबील, मांदेलीची पाटी आणि बर्फासकट, आणि ट्रॉली सपाट झाली. इतकी सपाट की पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा मधोमध थांबला असता. शास्त्रच आहे, निकेशने ते सांगितलंही असेल आणि मी ऐकलं नसेल. रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं नसतं. निघताना जितकी भरलेली असणार तितकी भरून घ्यायचं असतं. आमची गाडी सहा कोळणींनी भरलेली असणार हे आम्ही धरलं नव्हतं.

पनवेलपर्यंतच्या त्या रस्त्याइतका सुखाने मी आयुष्यात कुठलाच रस्ता काटला नाही. स्पीडब्रेकर येत होते आणि जात होते. मागून फक्त बायकांचा आवाज येत होता. त्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या आणि दर स्पीडब्रेकरला एकमुखाने आई गं म्हणत होत्या, पण लाकडाचा आवाज नव्हता. ट्रॉली पन्नासलाही सरळ येत होती. बाबांनी दांडा सोडला होता. त्यांच्या तोंडावर हसू होतं की ऊन, मला ठरवता आलं नाही. मला वाटलं हे असंच चालू ठेवावं, या सहा जणींना पगार द्यावा, कुमुदताईंनी कधीही सांगितलं की होडी बाहेर काढा, की या सहा जणी फोन करून बोलवाव्यात, दहा मिनिटांत याव्यात, बसाव्यात. नियमावलीत असं कुठेच म्हटलेलं नाही की चालणार नाही. झोप नसली की माझं डोकं असल्या सोयी काढतं. मागून भामाने काचेवर टिचकी मारून विचारलं की सासरा कायमचा येतोय का. म्हणजे प्राचीच्या वतीने विचारलं. मी आरशात बघितलं आणि गिअर बदलला, ज्याची गरज नव्हती. बाबांनी पुन्हा दांडा धरला.

बाजाराशी त्या उतरल्या. एकेक पाटी खाली गेली तशी नाळ वर आली, आणि शेवटी सोनाबाई उतरली तेव्हा गाडीने मागून अशी उसळी घेतली की सुटल्यासारखं वाटावं. सोनाबाईने मूठभर मांदेली पिशवीत घालून खिडकीतून बाबांच्या मांडीवर ठेवली. "ऱ्हा जावून पोराकडं," ती म्हणाली. "गावात काय भरावाची दगडं मोजत बसनार?" बाबा म्हणाले, बघू. तिने माझ्याकडे पाहिलं. मीही बघू म्हणालो असतो, पण तो शब्द एकाच गाडीत दोनदा बरा दिसला नसता.

कळंबोली राहिली होती पाच-सहा किलोमीटर. बाजाराबाहेरच्या पहिल्याच उंचवट्याला ट्रॉलीची शेपूट घासली, आणि या वेळी खर्रच्या शेवटी काहीतरी बारीक तुटल्यासारखं वाजलं. बाबा म्हणाले, बाजूला घे. मी टपऱ्यांच्या पुढे, एका बंद गॅरेजच्या शटरसमोर गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बाबा उतरले नाहीत. समोरच्या भिंतीवर इथे गाडी लावू नये असं लिहिलेलं होतं, ते दोघांनीही नीट वाचलं.

तळ फुटला तर होडी संपली. पाण्यात जायची ती तशीही नव्हती. पण तुटकी होडी बाबा पार्किंगमध्ये ठेवणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. फुटकं ते कुणाच्या दारात ठेवत नाहीत. परत फिरवतील, गावी नेतील, तिच्यासोबत राहतील. कुणी कुणाला काही म्हणायचं कारण नाही. रस्ता खराब होता. गोळा उंच होता. माप चुकलं, मापं चुकतातच, माझा तर धंदाच तो आहे. मी संध्याकाळी हॉलमध्ये आडवा होईन. नळ कुणीतरी फाडकन सोडेल. मला या सगळ्याचा इतका आराम वाटला की त्या आरामाची भीती वाटली. मी मला ऐकू येईल असं म्हणालो,

"बाबा, टेप माझ्या खिशात होती. माप घेताना. मी काढली नाही."

बाबांनी मांदेलीची पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. मग पुन्हा उचलली, डॅशबोर्डवर ठेवली. तिथून पाणी गळू लागलं.

"माज्याकडं पन व्हती," ते म्हणाले. "निकेश ट्रॉलीत टाकून गेला व्हता. पिवली. दांड्यालाच लटकत व्हती." थोड्या वेळाने म्हणाले, "तुज्या हाताची वीत केवढी, मला म्हायती नाय का रं."

एक एसटी गेली. तिच्या वाऱ्याने होडी हलली, गाडी हलली, आम्ही दोघं हललो. मला हसू येत होतं आणि ते नेमकं कुठून येतंय ते कळत नव्हतं. म्हणजे एकीकडे मी टेप मांडीखाली दाबून बसलो होतो, दुसरीकडे खाडीच्या काठावर हा म्हातारा पिवळी टेप डोळ्यांसमोर लटकत असताना वाऱ्यावर वीत टाकत होता, आणि मध्ये निकेश, बिचारा, इंचात आण म्हणत होता. दोघांनाही स्वतः नको म्हणायचं नव्हतं. लोखंडाने म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

"तुमाला यायचं नव्हतं?" मी विचारलं. बाबांना मी असं तुमाला म्हटल्याला पंधरा वर्षं झाली असतील. कंपनीत या बोलीला हसतात.

बाबांनी डॅशबोर्डवरून गळणारं पाणी तळव्याने पुसलं. मग म्हणाले, "तू झोपत नायस. मी बघतो ना. डोलं मिटून परतोस, झोपत नायस. मी किती हलू चाललो तरी तू झोपत नायस." मग म्हणाले, "म्हनलं, होरीच नाय आली तर कुनाचं काय बोलनं नाय."

मी म्हटलं, "तुम्ही हळू चालता म्हणूनच झोपत नाही." हे वाक्य पाच महिने डोक्यात होतं तेव्हा खूप मोठं होतं. बाहेर आलं तेव्हा एवढंसं निघालं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना सांगितलं असावं की खाडीचं पाणी गोड आहे, तुम्ही कधी चाखलंच नाही. "मंग?" ते म्हणाले. मी म्हटलं, मग काय, आपटा पाय. खोका. पंखा लावा. मला कळू दे घरात कुणीतरी आहे. ते खाली बघून हसले, आणि मग त्यांना खरंच खोकला आला, मोठा, पाच महिने साठवलेला. तो संपेपर्यंत मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलो. डोळे चुरचुरत होते, रात्रपाळीने.

मग आम्ही उतरलो. तळाची कडेची एक पट्टी चिरली होती, हातभर, फळी शाबूत. बाबांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि काही म्हणाले नाहीत, म्हणजे जमण्यासारखं होतं. ते बोलेरोच्या मागे आले, निकेशच्या पट्टीकडे वाकून बघू लागले. दीड इंच वर गेलेला वाक. त्यांनी हाताचा पंजा आधी उताणा धरला, मग पालथा केला. पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. "ही उलटी घातली तर?" ते म्हणाले.

उलटी घातली तर दीड इंच वर जाणारा वाक दीड इंच खाली जातो. तीन इंच. क्वालिटीच्या माणसाला हे कुणी सांगावं लागू नये. मी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले. कुंदनच्या सीटखाली मोठा पाना होता. वाटी गोळ्यावरून सोडवायची, तोवर दांडा कुणीतरी धरायला हवा होता, आणि मी बाबांना धरा म्हणणार नव्हतो, पण ते आधीच खांदा लावून उभे होते, दुखरा गुडघा पुढे, आडवा पाय मागे, वल्ह्यावर उभे राहतात तसे. "हलका हाय," ते म्हणाले. "सगला मागंच बसलाय." म्हणून आम्ही पट्टा ढिला करून होडीच एक हात पुढे ओढली, दोघांनी, हैय्या न म्हणता, कारण रस्त्यावर लोक होते. मग पिन काढली, पट्टी बाहेर ओढली, गोळ्याचं नट सोडलं, पट्टी फिरवली, गोळा वरच्या अंगाला बसवला, नट आवळलं, पिन घातली. उन्हात लोखंड तापलेलं होतं. रंगाचा एक पापुद्रा माझ्या तळव्याला चिकटून आला. वाटी गोळ्यावर बसली तेव्हा खट असा आवाज झाला आणि बोलेरोची शेपूट किंचित खाली गेली. बाबांनी खांदा काढून घेतला. मी खिशातून टेप काढली, लावली. अठरा इंच. मी त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, दोन वीत चार बोटं, आणि जाऊन गाडीत बसले.

शेवटचे पाच किलोमीटर काही झालं नाही, आणि काही होत नव्हतं म्हणूनच ते लांबले. तीन स्पीडब्रेकर आले. प्रत्येकाला आम्ही दोघांनी श्वास धरला, आणि मागून काहीच वाजलं नाही, आणि आता कशावर काही ढकलायला उरलं नाही. सरळ रस्ता, सपाट होडी, शेजारी बाप. मला एवढा थकवा आला की सिग्नलला हिरवा झालेला मी मागच्याच्या हॉर्नवरून ओळखला. हे रोजचं असणार होतं. खोकला, नळ, पंख्याचं बिल, दवाखाना, आणि दर महिन्याला कधीतरी दहा मिनिटांत होडी जोडून दाखवणं. मी यातल्या एकेकाची उंची मनात मोजत होतो. बसत नव्हतं. पण बसवावं लागेल एवढं कळत होतं.

सोसायटीच्या गेटवर शिवा होता, नवीन वॉचमन, आल्याला आठवडा झालेला. त्याने होडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली, आणि वही आणली. वाहनाचा प्रकार या रकान्यात त्याने बराच विचार करून बोट लिहिलं. फ्लॅट नंबर. वेळ. मग त्याने पाहुणे असं लिहिलं आणि खिडकीतून आत वाकून बाबांकडे पेन दाखवलं.

"हे पाहुणे ना? जुन्या वहीत पाहुणे लिहिलंय."

बाबा समोर बघत होते, मिटलेल्या गेटच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांकडे. सीटच्या कडेवर. दांडा धरून. ते काही सांगणार नव्हते. सांगायचं ते त्यांनी पनवेलला सांगून संपवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "राहतात. वडील आहेत."

शिवाने आधी लिहिलेलं खोडलं, वर लिहिलं, आणि सही करायला वही माझ्या हातात दिली. बाबांनी दांडा सोडला आणि पाठ मागे टेकवली, सीट करकरली. मी सही केली. डोळे इतके जड झाले होते की सही दुसऱ्याच कुणाची वाटत होती, पण फ्लॅट नंबर बरोबर होता.